थांबाबाईंची नऊ मिनिटं

थांबाबाई,

मायना वगैरे लिहीत बसत नाही. तुमच्या निरोप समारंभाची हकीकत कळली. भिंतीवरचं घड्याळ दिलं, फुलं दिली, आणि मोठ्या साहेबांनी भाषणात ‘नेहमी वेळेवर येणाऱ्या’ एवढंच म्हणून तुम्हाला वाटेला लावलं. चाळीस वर्षांच्या नोकरीचं सार हे. वेळेवर तर दूधवालाही येतो. मला राग आला, आणि राग आला की मी लिहायला बसते. पत्र तुम्हालाच आहे, पण छापायलाही देणार आहे. त्यामुळे तुम्हाला तोंडपाठ असलेल्या चार गोष्टी वाचणाऱ्यांसाठी सांगाव्या लागतील. तेवढ्या सोसा.

पहिली गोष्ट तुमच्या नावाची. इस्पितळाच्या तळघरात एमआरआयचं यंत्र आहे, आणि त्या बोगद्यात पडलेल्या माणसाच्या कानात तुमचा आवाज येतो. ‘श्वास घ्या. सोडा. थांबा.’ पुन्हा ‘घ्या. सोडा. थांबा.’ दिवसभर हेच. वॉर्डातल्या नर्सपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे तुम्हाला तोंडावर थांबाबाई म्हणायचे आणि तुम्ही ‘ओ’ द्यायचात. मला कुणी तोंडावर टोपणनाव ठेवलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.

मी तुमच्याकडे आले ती एकाहत्तराव्या वर्षी, चरफडत. वर्षभर माझं हृदय मधूनच ताल सोडत होतं. भाजी चिरताना, पेपर वाचताना, एकदम छातीत पिशवीत कोंडलेल्या पाखरासारखी फडफड. तासभर चालायची आणि थांबायची. गोळ्या दिल्या, तर गोळ्यांनी चक्कर. एकदा न्हाणीघरात पडले. मी तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, इमारतीला लिफ्ट नाही. माझ्या धाकट्या बहिणीने निकालच लावला. “आता पुरे झाला हा हट्ट. माझ्याकडे मागची खोली आहे, तिथे राहायचं.” धाकटीचं माझ्यावर प्रेम आहे. तिच्या मागच्या खोलीला एकच खिडकी आहे आणि ती शेजारच्या भिंतीत उघडते.

हृदयाच्या डॉक्टरांनी एक वाट दाखवली. मांडीच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत न्यायची आणि जिथून हे उनाड ठोके निघतात त्याच्याभोवती बारीक बारीक चटके द्यायचे, म्हणजे त्यांची वाट बंद. “पण आधी डाव्या अलिंदात वण किती आहेत ते पाहू,” ते म्हणाले. “थोडे असले तर करू. फार असले तर उगाच टेबलावर घेण्यात अर्थ नाही. आहे ते गोळ्यांवर सांभाळायचं, आणि मग तुम्ही एकटं राहणं मला मान्य नाही.”

म्हणजे माझं घर माझ्याकडे राहणार की नाही, हे एका चित्रावर ठरणार होतं.

अलिंद म्हणजे हृदयाचा वरचा कप्पा. मी चौतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, फळ्यावर हजारदा हृदय काढलं, आणि दर वेळी अलिंदं दोन फटकाऱ्यांत उरकली. प्रश्न यायचे ते खालच्या निलयांवर. निलयाची भिंत जाड, अलिंदाची पातळ, असं एक वाक्य सांगून मी पुढे जायची. पातळ म्हणजे किती, हे मला तुमच्याकडे कळलं. दोन-तीन मिलिमीटर. जाड पुठ्ठ्याएवढी. आणि त्या पुठ्ठ्यात कुठे कुठे वण आहेत ते तुम्ही बाहेर बसून, चाकू न लावता, शोधणार होता.

आपली पहिली भेट आठवते ना?

“आजी, चेन, बांगड्या, केसातल्या पिना काढून ठेवा.”

“मी कुणाची आजी नाही.”

“मग काय म्हणू?”

“बाई म्हणा. सगळं गाव तेच म्हणतं.”

“बाई, पिना काढा. तिन्ही. एक मागे लपलीये.”

छातीवर चिकटपट्ट्या लावल्यात, ठोके पाहिलेत, म्हणालात, “आज शहाण्यासारखं चाललंय. बरं झालं.” दंडाच्या शिरेतून औषध सोडलंत. हातात एक रबरी फुगा दिलात, काही त्रास झाला तर दाबा म्हणून. आणि सांगितलंत की आता वीस मिनिटं काहीही करायचं नाही, नुसतं पडून राहायचं.

ही वीस मिनिटं कशासाठी, ते वाचणाऱ्यांना सांगते, कारण सगळी गोष्ट तिथेच अडकली आहे. हे औषध रक्तातून सगळीकडे जातं. धडधाकट स्नायूतून ते लवकर धुऊन निघतं, वणात मात्र मुरून बसतं. म्हणून थोडा वेळ जाऊ दिला की रक्त मावळतं, निरोगी भिंत काळी पडते आणि वण तेवढा चमकतो. घाई केली तर कप्प्यातलं रक्तच अजून चमकत असतं. आणि भिंत पुठ्ठ्याएवढी. रक्त कुठे संपलं आणि भिंत कुठे सुरू झाली, ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

हे तुम्ही मला त्या दिवशी सांगितलं नाहीत, असं म्हणून मला सुटता आलं असतं. पण सांगितलं होतंत. मी ऐकलं नाही. चौथ्या मिनिटाला मी फुगा दाबला.

“काय होतंय बाई?”

“काही नाही. किती झाली?”

“चार.”

सहाव्याला दाबला, आठव्याला दाबला. मला रिकामा तास कधीच सोसला नाही. दुसरे शिक्षक रजेवर असले की मी त्यांचा तास मागून घ्यायची. मी तुम्हाला माझी पाठ, माझा तिसरा मजला, धाकटीची मागची खोली, सगळं त्या बोगद्यातून ओरडून सांगितलं. दहाव्या मिनिटाला मी फुगा सोडलाच नाही. “आता सुरू करा, नाहीतर मी उतरते. मला काही बांधून घातलेलं नाही.” आणि मी खरंच कोपरांवर उठायला लागले.

तुम्ही काचेमागून पाहिलंत. मग म्हणालात, “पडा. करते सुरू.”

अकरावं मिनिट होतं, नऊ अजून बाकी होती.

आठवड्याने डॉक्टरांनी संगणकावर माझं अलिंद दाखवलं. निळ्यावर लाल. लाल म्हणजे वण, आणि लाल बरंच होतं. “भिंतीचा तिसरा हिस्सा, थोडा जास्तच. मला वाटलं नव्हतं,” ते म्हणाले आणि फाईल मिटली. धाकटी बाहेर येऊन रडली, मग डोळे पुसून लगेच कामाला लागली. तिचं रडणंही वेळापत्रकात बसतं. दुसऱ्या दिवशी तिने मागच्या खोलीतलं शिलाई मशीन हलवलं. मी कुंड्या शेजारणीला दिल्या, पुस्तकांतली निम्मी वाचनालयात पोचवली. उरलेल्या निम्म्यांपुढे उभी राहिले आणि मला काही सुचेना. काही न सुचणं हा प्रकार मला नवा होता.

आणि तुमचा फोन आला.

“बाई, मी एमआरआयमधून बोलतेय. तुमचा नकाशा चुकलाय.”

“कुणाचा?”

“तुमचा. चूक माझी आहे. फोटो लवकर काढले. डॉक्टरांना सकाळी लेखी दिलंय, आता तुम्हाला सांगतेय.”

मी खुर्चीत बसले. तुम्ही सांगत होतात आणि मी पेपराच्या कोऱ्या कडेवर उतरवून घेत होते, सवयीने. हे वण यंत्र आपलं आपण शोधत नाही, हे मला तेव्हा कळलं. अलिंदाचे चाळीसेक काप, प्रत्येक कापावर भिंतीची आतली रेघ आणि बाहेरची रेघ कुणीतरी हाताने काढायची असते, माउसने, टिंब टिंब करत. तुमच्या इस्पितळात ते कुणीतरी म्हणजे तुम्ही. नंतर संगणक रंग भरतो आणि वरचे डॉक्टर सही करतात. माझ्या रेघा काढताना तुमच्या मनात खटकलं होतं, पण काम पुढे गेलं. मग दुसऱ्या एका पेशंटचा नकाशा करताना पुन्हा खटकलं.

“वण असे नसतात बाई. वण ठिगळांसारखे असतात. इथे एक, तिथे एक. तुमची भिंत बघावी तर रंगारी आत्ताच ब्रश फिरवून गेल्यासारखी. सगळीकडे सारखी. मग मी सुईची वेळ आणि फोटोची वेळ काढून बघितली. अकरा मिनिटं. मी आजवर कुणाला वीसच्या आधी घेतलेलं नाही.”

“तुम्ही बोलला नसतात तर कुणाला कळलं असतं?”

“कुणाला नाही.”

“मग?”

“मग तुम्ही मागच्या खोलीत गेला असतात. ती भिंतीकडे खिडकीवाली.”

मी बोगद्यातून ओरडले होते ते तुम्ही ऐकत होतात, आणि लक्षातही ठेवलं होतंत.

धाकटीला हे पटेना. “एकदा चुकली ती पुन्हा चुकणार नाही कशावरून? दुसरीकडे जाऊ.” मी म्हटलं, “जी स्वतःची चूक पंधरा दिवसांनी उकरून काढते तिच्याकडेच जाऊ. दुसरीकडे काय चुकतंय ते आपल्याला कोण सांगणार आहे?” धाकटी म्हणाली, “उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. त्या दिवशी तूच फुगा दाबला असशील.” एकाच आईच्या पोटच्या आम्ही. तिला न सांगता कळतं.

पुन्हा औषध टोचायचं तर मूत्रपिंडं ठीक हवीत, म्हणून आधी रक्ताची तपासणी झाली. दुसऱ्या खेपेला तुम्ही औषध सोडलंत आणि बाहेर काचेमागे न जाता आतच आलात. स्टूल ओढून माझ्या डोक्याशी बसलात.

“फुगा द्या,” मी म्हटलं.

“आज देते, पण तुम्ही दाबायचा नाही. मी इथेच आहे.”

“मग बोला काहीतरी. माझ्याकडून बोलवून घेऊ नका, छाती हलते.”

आणि त्या वीस मिनिटांत तुम्ही तुमचं आयुष्य सांगितलंत, जसं कुणी रांगेत उभ्या उभ्या सांगावं तसं.

एकोणिसाव्या वर्षी एक्स-रेच्या डार्करूममध्ये लागलात. लाल दिव्याखाली फिल्म धुवायची, क्लिपला लावून टांगायची. पहिले सहा महिने घरी गेलात की आई नाक मुरडायची, म्हणायची, हिच्या अंगाला रसायनांचा वास येतो, हिला कोण करून घेणार. शेवटी करून घेतलं ते स्कूलबसच्या ड्रायव्हरने. “त्यांच्या अंगाला डिझेलचा वास. फिट्टंफाट,” तुम्ही म्हणालात, आणि मला हसू आलं तर लगेच दटावलंत, “हसू नका, पट्ट्या निघतील.”

डार्करूममधल्या तुमच्या वरिष्ठांचं एकच शिक्षण होतं. फिल्म ओली असताना मत द्यायचं नाही. मोठे डॉक्टर दार ठोठावत, “काय दिसतंय, काय दिसतंय,” आणि ते आतून म्हणत, “पाणी दिसतंय साहेब, जरा वाळू द्या.” तिथेच तुम्हाला थांबण्याची सवय लागली. मग डार्करूमच गेली. फिल्म गेल्या, सगळं संगणकावर आलं, आणि बेचाळिसाव्या वर्षी तुम्हाला एमआरआयच्या प्रशिक्षणाला पाठवलं. वर्गात सगळी विशीतली मुलं. “पहिल्या दिवशी मला बघून उभी राहिली. वाटलं, शिकवायला आलेय.”

अलिंदाच्या भिंतीवर रेघा काढणं तुम्ही परगावाहून तीन आठवड्यांसाठी आलेल्या एका डॉक्टरांकडून शिकलात. इतर तंत्रज्ञ दोन दिवसांत कंटाळून गेले. एका हृदयाला दीड-दोन तास लागतात, आणि काम झाल्यावर दिसतं काय, तर वाकड्या वाटाण्याच्या शेंगेसारखं काहीतरी. तुम्ही टिकलात. का, म्हणून विचारलं तर म्हणालात, “मला आवडतं. कुणी बोलत नाही तेवढा वेळ.”

“आणि त्या दिवशी मी बोलत होते,” मी म्हटलं.

“हो. फार.”

“ओरडायचं होतं माझ्यावर.”

“माझ्या आईसारख्या दिसता तुम्ही कोपरांवर उठलात की. ती पण सलाईन उपटून निघाली होती. मला वाटलं, आता ही उतरणार, पडणार. म्हणून केलं सुरू. पण ते काही कारण नाही. उतरवून घ्यायला हवं होतं आणि दुसऱ्या दिवशी बोलवायला हवं होतं. मला माहीत होतं ते.” मग घड्याळ पाहायला बाहेर गेलात, कारण यंत्राजवळ घड्याळ चालत नाही, आणि काचेमागून आवाज आला, “बावीस झाली. चला बाई, साधा श्वास घ्या. शहाणपणाने लांबलचक घेऊ नका. झोपेत घेता तसा.”

बारा टक्के. शिरांच्या तोंडाशी दोन ठिगळं आणि मागच्या भिंतीवर एक. डॉक्टरांनी दोन्ही नकाशे शेजारी ठेवून दाखवले. मला त्यातलं शास्त्र कळत होतं तरी मी बघत राहिले ते तुमच्या रेघांकडे. दुसऱ्या नकाशावरची रेघ कुठे थरथरली नव्हती. महिन्याभराने ते चटके दिले गेले. त्याला आता दोन वर्षं होतील. फडफड पुन्हा येऊ शकते असं डॉक्टर दर खेपेला बजावतात, त्यांचं कामच आहे ते. अजून आलेली नाही. मी तिसऱ्या मजल्यावर आहे. मध्ये दोनदा दम खाते आणि चढते. शेजारणीने कुंड्या परत दिल्या, एक सोडून. ती तिच्याकडे जास्त चांगली फुलली म्हणे. असू दे.

हे सगळं मला तुमच्यामुळे मिळालं. दरवाज्याला आतून स्वतःची कडी लावता येणं, याच्याहून मोठं सुख या वयात मला ठाऊक नाही. माझे विद्यार्थी भेटतात, वाकून नमस्कार करतात, तुम्ही घडवलंत म्हणतात. मी त्यांना काही घडवलं नाही, प्रश्नपत्रिकेत येईल तेवढं शिकवलं. तुम्ही मात्र माझ्या बाबतीत, कुणी विचारलं नसताना, झाकलेलं उघडलंत.

हे सांगायलाच मी तुमच्या घरी आले होते. बिस्किटांचा डबा घेऊन. तुम्ही स्वयंपाकघरात चहा टाकत होतात आणि तुमचे मालक माझ्यासमोर बसले होते.

“आमच्या हिला तुमचा फार लळा हो. मेमो मिळाला तरी तुमचं नाव निघालं की हसते.”

“कसला मेमो?”

आतून तुमचा आवाज आला, “अहो, साखर कुठे ठेवलीत?”

“साखर तुझ्यासमोर आहे,” ते म्हणाले, आणि मला सांगून मोकळे झाले. तुम्ही जो लेखी कबुलीजबाब दिला होतात त्याच्या उत्तरादाखल अधीक्षकांच्या कचेरीतून कागद आला होता. रुग्णाच्या तपासणीत हलगर्जीपणा. तो तुमच्या सेवापुस्तकाला लावला गेला, आणि त्याच वर्षी विभागातल्या प्रमुख तंत्रज्ञाची जागा रिकामी झाली ती तुमच्याहून आठ वर्षांनी मागे असलेल्या माणसाला मिळाली. इतरांनीही कधी ना कधी चुका केल्याच असतील, पण त्यांनी लिहून दिलं नाही. सेवापुस्तक कोरं तो माणूस निर्दोष, असा हिशेब.

तुम्ही चहा घेऊन आलात. माझा चेहरा पाहून मालकांकडे बघितलंत. ते म्हणाले, “मी बसला हवा भरून येतो,” आणि निघून गेले. बस शाळेच्या आवारात उभी होती, चार किलोमीटरवर.

“मी उद्या त्या कचेरीत जाते,” मी म्हटलं. “सांगते, मी फुगा दाबून धरला होता, मी उतरायला निघाले होते, मी त्यांना भाग पाडलं.”

“नको.”

“का नको? खरं आहे ते.”

“बटण माझ्या हाताखाली होतं बाई, तुमच्या नाही.”

“तुम्ही महात्मा बनू नका. मला त्याचा कंटाळा आहे.”

“महात्मा कसली? मला राग आला होता की. प्रमुख म्हणून त्याला खुर्ची मिळाली तेव्हा मी दोन दिवस जेवले नाही धड. पण तुम्ही जाऊन सांगणार, पेशंटने दमदाटी केली. मग ते नवीन नियम काढणार, फुगा देऊ नका. खरंच कुणाला आत धाप लागली तर?”

यावर मी अर्धी माघार घेतली. माझं असं वर्षातून एकदा होतं.

तासभर वाद घालून आपण मध्ये आलो. अर्जात मी लिहायचं की मी घाई केली. तुमची चूक नव्हती, असं लिहायचं नाही. पण ती चूक तुम्ही स्वतः होऊन उघड केलीत आणि त्यामुळे एका बाईचं घर वाचलं, हे त्याच पुस्तकात, त्याच कागदाच्या मागे लावून घ्यायचं. तुम्ही म्हणालात, “एवढं चालेल.” चेहऱ्यावरून वाटलं, चालेल पेक्षा थोडं जास्तच.

मी दुसऱ्याच दिवशी कचेरीत चौकशी केली. खिडकीतल्या कारकुनाने सांगितलं, सेवापुस्तक कर्मचारी समोर असल्याशिवाय उघडत नाही, आणि अर्जावर दोघींच्या सह्या लागतील. कचेरी तीन ते पाच. आपण गुरुवार ठरवला. गुरुवारी तुमच्याकडे तीन हृदयं आली. पुढच्या आठवड्यात माझ्या पायाला सूज. मग यंत्र बंद पडलं, मग ते सुरू झालं आणि खोळंबलेली रांग लागली, आणि तुम्ही कुणालाही वीस मिनिटांच्या आधी घ्यायला तयार नव्हता. मी फोन करायची, “आज?” तुम्ही म्हणायचात, “आज नाही हो बाई, एकाला आत्ताच सुई दिलीये.” मी भांडले नाही. एरवी भांडले असते.

मग तुमची निवृत्ती आली, आणि तुम्ही मुलीकडे राहायला गेलात, दीड दिवसाच्या प्रवासावर. जाताना माझ्याकडे आला होतात. तीन मजले चढून. दारात उभ्या राहून माझा श्वास मोजत होतात, तुमचा नाही. अर्जाची आठवण दोघींनाही होती. दोघींनीही काढली नाही, कारण त्या दिवशी कचेरीला सुट्टी होती.

अर्ज लिहिलेला आहे. माझी सही झाली आहे, तुमची डाव्या बाजूला खाली हवी. कारकुनाला मी मागच्या सोमवारी पुन्हा विचारलं. निवृत्तीनंतरही पुस्तक उघडता येतं म्हणाला, फक्त तुम्ही समोर हव्यात. तीन ते पाच. आपलं जाणं काही झालं नाही.